कापड्याच्या विहीणबाई आणि मलेशियाचं ई-सिम

मला फोनबिनची भीती वाटत नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढची हकिकत ऐकून तुमचा भलताच समज व्हायचा. महाडमध्ये माझ्या वयाच्या ज्या बायका आहेत, त्यांतल्या निम्म्या फोन उचलायच्या आधी पदराने पुसतात आणि उरलेल्या निम्म्या सकाळी उठल्या उठल्या गुलाबाच्या फुलावर सुविचार लिहून पाठवतात. मी त्यातली नव्हे. मी हायस्कूलात गणित शिकवते. म्हणूनच आमच्या वैदेहीने क्वालालंपूरहून फोन करून, "आई, तुला ई-सिम टाकायला जमेल ना?" असं विचारलं, तेव्हा मला हसूच आलं.

"वैदेही, मी वर्गात साठ-साठ कार्टी बसवली आहेत. एक सिम बसवता येणार नाही?"

"ते बसवायचं नसतं. ते दिसतच नाही. क्यूआर कोड स्कॅन करायचा. काय काय करायचं ते मी सगळं लिहून पाठवलंय. प्लीज शेवटपर्यंत वाच."

तिने पाठवलेला मजकूर चांगला लांबलचक होता. माझं एक मत आहे. सूचना तीन ओळींच्या पुढे गेल्या की त्या ढ मुलांसाठी असतात. मी पहिल्या तीन ओळी वाचल्या आणि कामाला लागले.

आता आम्ही मलेशियाला कशाला निघालो होतो ते सांगते. वैदेही तिथे एका कंपनीत आहे. त्याच कंपनीत तिला भरत भेटला. इतका समुद्र ओलांडून मुलीने मुलगा पसंत केला, तो कुठला? पोलादपूर तालुक्यातल्या कापड्याचा. म्हणजे आमच्या दारातून निघालं तर चहा थंड व्हायच्या आत त्याच्या दारात. एवढ्यासाठी विमानाचं तिकीट कशाला काढलं होतं कोण जाणे. एसटीने भागलं असतं.

मुलगा हुशार आहे, ते मी नाकारत नाही. मुंबईत काकाकडे राहून शिकला. आईवडील मात्र कापड्यालाच. वडील महिपतराव, आई तुळसाबाई, भाताची शेती. लग्नाचं बोलणं निघालं तेव्हा या भरतने एक अट घातली. दोन्हीकडच्या आईवडिलांनी तिकडे यावं, आठवडाभर एका घरात राहावं, आणि दोन्ही आयांचं पटतंय असं दिसलं तरच साखरपुडा. त्याच्या एका चुलतभावाच्या घरी दोन्ही विहिणी अशा काही भांडल्या होत्या की पोरं वेगळी झाली. ते याने पाहिलेलं.

वैदेहीने मला फोनवर बजावलं होतं. "आई, त्याच्या आईला टोचून बोललीस ना, तर तो लग्नाला उभा राहणार नाही. आणि मग मीही दुसऱ्या कुणाशी करणार नाही."

मुलगी बापासारखी शांत आहे. शांत माणसं बोलतात तसं करतात, हा त्यांच्यातला मोठा दोष. मी ठरवलं, आठवडाभर मूग गिळून बसायचं.

तिने आमच्यासाठी फोनवर एक ग्रुप काढला होता. 'मलेशिया स्वारी'. त्यात ती, भरत, मी, तुळसाबाई आणि आमचे हे. महिपतरावांकडे साधा बटणांचा फोन, त्यामुळे ते बाहेर. आमचे हे, रघुवीर, जमीन मोजणीच्या कार्यालयातून निवृत्त झाले, पण मोजणी काही सुटली नाही. कुठल्याही कामाकडे आधी या टोकाकडून बघणार, मग त्या टोकाकडून बघणार, आणि तोवर ते काम मी करून टाकलेलं असणार. त्यांचा फोन इतका पुराणा की त्यात ई-सिम चालतच नव्हतं.

"माझं राहू दे," ते म्हणाले.

"राहणारच आहे," मी म्हटलं.

क्यूआर कोड दोन होते, एक माझा आणि एक तुळसाबाईंचा, आणि दोन्ही माझ्या मेलवर आलेले. अडचण अशी की कोड माझ्याच फोनमध्ये, आणि तो माझ्याच फोनच्या कॅमेऱ्याला दाखवायचा. कोड उघडला की कॅमेरा जातो, कॅमेरा उघडला की कोड जातो. मी बेसिनवरच्या आरशासमोरसुद्धा उभी राहून पाहिलं.

"माझ्या फोनवर पाठव," हे म्हणाले. "मग माझ्या फोनकडे तुझा फोन धर."

"तुमच्या काचेला इतके तडे गेलेत की कोड कुठला आणि तडा कुठला, कळायचं नाही."

मी सरळ आम्रपालीच्या झेरॉक्सच्या दुकानात गेले आणि दोन्ही कोड मोठ्या कागदावर छापून घेतले. आम्रपाली माझीच विद्यार्थिनी, गणितात काठावर सुटलेली. तिथेच काउंटरवर फोन धरला. फोन म्हणाला, हा कोड चालत नाही. पुन्हा धरला. पुन्हा तेच.

"बाई," आम्रपाली म्हणाली, "तो पैसे द्यायचा आहे. दुकानाचा. तुमचा तुमच्या हातात आहे."

मी तिच्याकडे असं पाहिलं की ती पुन्हा दहावीत गेली. मग मी माझा कागद टेबलावर पसरला, आणि सांगायला आनंद वाटतो की पहिल्या फटक्यात ई-सिम आत. फोनने विचारलं, मोबाइल डेटासाठी कुठलं सिम वापरू, जुनं की नवं? आता हा काय प्रश्न झाला? मी 'नवं' दाबलं. वरची इंटरनेटची खूण गेली.

घरी आल्यावर ह्यांना दाखवलं. त्यांनी फोन या बाजूने पाहिला, त्या बाजूने पाहिला.

"नेट गेलंय," ते म्हणाले.

"जाणारच. मलेशियाचं सिम महाडात चालेल का? तिकडे उतरलो की चालेल."

"मग तोवर जुनंच राहू द्यायचं होतं का? वैदेहीने तसं काही लिहिलंय का बघ."

"नवं आणलंय ते वापरायला, का कपाटात ठेवायला?"

त्यांनी चष्मा पुसला. घरातलं वायफाय गल्लीतल्या गटाराच्या कामात केबल तुटल्यापासून मेलेलंच होतं. म्हणजे आता माझ्या फोनचा बाहेरच्या जगाशी संबंध उरला नव्हता. फोन करणं-घेणं तेवढं चालू होतं. मला त्याचं काही वाटलं नाही. उद्या तर निघायचंच होतं.

दुपारी आम्ही दुसरा कागद घेऊन कापड्याला गेलो. तुळसाबाईंना भरतने नवा कोरा फोन पाठवला होता. बाईंनी तो टॉवेलात गुंडाळून तांदळाच्या डब्यावर ठेवलेला. त्यांच्या घरात रेंज येत नाही. रेंज येते ती शेताच्या बांधावर, जांभळीखाली. म्हणून आम्ही चौघं बांधावर जाऊन उभे राहिलो आणि मी मे महिन्याच्या उन्हात कागद धरून त्यांच्या फोनमध्ये मलेशिया भरला.

महिपतराव लांबून बघत होते. शेवटी जवळ आले.

"सिम कुठं हाय?"

"ते दिसत नाही," मी म्हटलं.

"मंग बसवलंत काय?"

"ते आतल्या आत बसतं. समजलं का?"

त्यांनी तुळसाबाईंकडे पाहिलं. तुळसाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्याही फोनमध्ये मी डेटासाठी 'नवं' दाबलं. एका पद्धतीने दोन गणितं सोडवली की वेळ वाचतो.

"आता हे बघा तुळसाबाई," मी सांगितलं, "तुमच्या फोनमध्ये आता नेट नाही. मलेशियाला पोचेपर्यंत यातून काहीही कुठेही जाणार नाही. काळजी करू नका."

"भरतला बोलून पाठवते ना मी, ते?"

"तेही जाणार नाही. पण तुम्ही सराव करा. तुमचं बोट फार लवकर सुटतं. ग्रुपमधलं हे माइकचं चित्र दाबून धरायचं, बोलायचं, मग सोडायचं. आज संध्याकाळी पाच-सहा वेळा करा."

"जायाचं नाय तर काय बोलू?"

"मनात येईल ते बोला," मी म्हटलं. निबंधाच्या तासाला आमच्या मराठीच्या बाई असंच सांगतात.

घरी नेऊन त्यांनी आम्हाला नाचणीची भाकरी आणि सुकटीचं कालवण वाढलं. दुपारचं जेवण होऊन गेलेलं, वर उकाडा, आणि मला ती भाकरी जाईना. मी दोन घास खाल्ल्यासारखं केलं. ह्यांनी मात्र भाकरी संपवली, आणखी अर्धी मागून घेतली. बाई सामान दाखवत होत्या. तांदूळ, कोकम, पोह्याचे पापड आणि एक पिशवीभर सुकट.

"सुकट विमानात नेणार?" मी विचारलं.

"भरतला लय आवडते."

मी मूग गिळले. मग त्यांनी लग्नाचा विषय काढला. लग्न कापड्यालाच करायचं, मांडव शेतात घालायचा, भाताची कापणी झाली की शेत मोकळंच असतं. मी आणखी मूग गिळले. महाडला परतेपर्यंत माझ्या पोटात मूग सोडून दुसरं काही उरलं नव्हतं.

संध्याकाळी बॅग भरायला बसले आणि मला राहवेना. कुणाशी तरी बोलायला हवं होतं. ह्यांच्याशी बोलणं म्हणजे भिंतीशी बोलणं, फक्त भिंत मधे मधे चष्मा पुसत नाही. मी फोन उघडला. समोरच 'मलेशिया स्वारी' होता. मनात आलं, नेट तर नाहीच. लिहिलेलं काही जाणार नाही. मग लिहायला काय हरकत आहे? मी सणसणीत एक वाक्य लिहिलं आणि पाठवायचं बटण दाबलं. बाजूला घड्याळाचं चित्र आलं आणि वाक्य जागच्या जागी राहिलं. काय सांगू, इतकं हलकं वाटलं. एखाद्या पडक्या विहिरीत तोंड घालून ओरडावं तसं. मग मी दुसरं लिहिलं. बॅग भरून होईपर्यंत बरीच लिहून झाली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाड्याची गाडी कापड्याहून महिपतराव आणि तुळसाबाईंना घेऊन आमच्या दारात आली. मागे सामान आणि सामानात महिपतराव. मधे मी आणि तुळसाबाई. पुढे चालकाशेजारी हे. गाडी महाड सोडून मुंबईच्या रस्त्याला लागली. मी तुळसाबाईंशी अतिशय गोड बोलत होते. त्याही माझ्याशी गोड बोलत होत्या. मला वाटलं, भरतने आत्ता बघायला हवं होतं.

माणगावच्या अलीकडे ह्यांचा फोन वाजला. वैदेही होती. ह्यांनी फोन स्पीकरवर टाकला.

"बाबा, आईला मेसेज का जात नाहीयेत? विमानकंपनीने वेळ बदलल्याची मेल केली असेल तर ती आईच्याच पत्त्यावर आली असणार. तिला बघायला सांगा."

"तिच्या फोनला नेट नाही," हे म्हणाले. "काल ई-सिम घातलं तेव्हापासून."

मग वैदेही म्हणाली, "तिने आत्ताच डेटा नव्या सिमवर टाकला का? मी लिहिलं होतं ना, की फक्त आत घालून ठेव आणि उतरल्यावर सुरू कर."

मी मागून मोठ्याने सांगितलं, "तिकडे उतरलो की चालेल. आणि वेळ बदलली असली तर विमानतळावर कळेलच. उगाच त्या सेटिंगशी खेळायला नको."

"कालिंदी, दोन मिनिटांचं काम असेल," हे म्हणाले.

"तुमची दोन मिनिटं मला माहीत आहेत. त्यात शेताची वाटणी होते."

माणगावला चहाला थांबलो. अशा हॉटेलांत भिंतीवर बर्फाच्या डोंगराचं चित्र असतं आणि पंखा मात्र बंद असतो. मी आणि तुळसाबाई हातपाय धुवायला मागे गेलो. पर्स मी गाडीत ठेवली होती आणि पर्समध्ये फोन. तुळसाबाईंनी त्यांचा फोन महिपतरावांकडे दिला होता.

परत आले तर हे गाडीला टेकून उभे. एका हातात त्यांचा फोन कानाला, दुसऱ्या हातात माझा. आत वैदेही सांगतेय आणि हे एकेक बटण दाबताहेत.

"सेटिंग्ज उघडलं. मोबाइल डेटा दिसतंय. हो, दोन नावं आहेत. जुन्यावर करू? केलं." मग म्हणाले, "भरत म्हणतोय का? बरं, त्याच्या आईचाही करतो. महिपतराव, तो फोन द्या जरा."

मी चालता चालता जागीच थांबले. माझ्या मनात काहीतरी हललं, पण नक्की काय ते कळायच्या आत माझ्या फोनने टुण केलं. मग पुन्हा केलं. मग ह्यांचा फोन वाजायला लागला, कारण ग्रुपवर ते आहेतच. टुण, टुण, टुण. रात्रभर दाव्याला बांधलेली गुरं सकाळी सुटावीत तसे माझे मेसेज एकामागून एक निघाले.

मी धावले. खरोखर धावले. साडी सावरत ह्यांच्या हातातून फोन ओढला आणि पाहिलं. घड्याळाची चित्रं जाऊन बरोबरच्या खुणा आल्या होत्या. बघता बघता एकेक खूण निळी झाली. ज्यांनी वाचायचं त्यांनी वाचलं होतं. आता पुसून टाकलं तर, लिहिलं होतं त्याहून वाईट लिहिलं होतं असं वाटलं असतं.

एवढ्यात ह्यांनी तुळसाबाईंचाही डेटा जुन्यावर करून फोन परत दिला, महिपतरावांनी त्यावर कुठेतरी अंगठा ठेवला आणि हॉटेलच्या दारात तुळसाबाईंचा आवाज घुमला.

"भरत, मास्तरीण आली व्हती रे. फोन हातात घेतलान नि मुका करून गेली. आता म्हने मलेशियाला गेल्यावर बोलंल."

तुळसाबाई माझ्या मागेच उभ्या होत्या. हातातलं पाणी तसंच गळत होतं.

"तुमी बोललाव, ह्यातून कुठं जात नाय," त्या मला म्हणाल्या.

ह्यांच्या फोनमधून वैदेहीचा आवाज आला. "बाबा, आईला द्या."

मी फोन घेतला. "वैदेही, ऐक, ते सगळं मी–"

"आई," ती म्हणाली, "आत्ता काहीही बोलू नकोस. नेट चालू आहे."

आणि तिने फोन ठेवला.

विमान वेळेवर होतं. कसलीही मेल आलेली नव्हती.

गाडी माणगावहून पुढे निघाली. मी खिडकीतून बाहेर बघत होते. मुलीने बजावून सांगितलेलं एकच काम, आणि ते विमानतळावर पोचायच्या आत मी लेखी बिघडवून ठेवलं होतं. तुळसाबाई फोन मांडीवर घेऊन त्यावर बोट फिरवत होत्या. बऱ्याच वेळाने म्हणाल्या,

"बाई, तुमी काय लिवलंत ते मला वाचून दावा. मला भरभर वाचता येत नाय."

"जाऊ द्या हो. मी घाईत काहीतरी–"

"माजं तुमी आयकलंत. मंग तुमचं मला आयकायला नको?"

मी फोन उघडला, घसा साफ केला आणि वाचायला सुरुवात केली.

"तुळसाबाई, सुकट विमानात नेणं योग्य होईल का, याचा विचार करावा."

पुढच्या सीटवरून ह्यांनी आपला फोन डोळ्यांजवळ धरला. "तसं नाहीये ते, कालिंदी," ते म्हणाले. "'सुकटीचा वास सुटला की विमान मागे फिरवतील आणि आपल्याला दाराशी सोडून जातील', असं आहे."

तीस वर्षांच्या संसारात या माणसाने माझी एक चूक दाखवली नव्हती. तो मुहूर्त त्यांनी इथे साधला.

"बरं," तुळसाबाई म्हणाल्या. "फुडं?"

"लग्न कापड्याला करायचं म्हणतात," मी वाचलं, आणि पुढे गप्प बसले.

"राहिलं थोडं," हे म्हणाले.

"वऱ्हाड तिथे नेऊन काय भात लावायला जुंपायचंय?"

तुळसाबाईंनी मान हलवली. "कापणीनंतर लगीन बोलले मी. लावनी जूनात आसते. एवढं पन ठावं नाय तुमाला?"

मागून सामानातून आवाज आला. "माज्यावर काय हाय का?"

"आहे," हे म्हणाले.

मी डोळे मिटून वाचलं. "महिपतराव सिमखेरीज दिवसभरात एकच वाक्य बोलले, तेही बैलाशी."

महिपतरावांनी बराच वेळ विचार केला. गाडीने एक छोटं गाव मागे टाकलं.

"बैल कवाच इकला," ते म्हणाले. "ती म्हस हाय."

चालक खोकल्यासारखं करून हसला. मी त्याच्याकडे आरशातून पाहिलं, पण त्याला काही दहावीत परत पाठवता येत नव्हतं. पुढचा मेसेज माझ्या डोळ्यांसमोर होता आणि तो मी ओलांडून जाणार तोच हे मान न वळवता म्हणाले, "तो माझ्यावरचा आहे. वाचलास तरी चालेल."

"तुझ्या बाबांचं यावर काही मत नाही," मी वाचलं. माझा आवाज आता तिमाही परीक्षेत नापास झालेल्या मुलासारखा येत होता. "त्यांचं मत मोजणीला टाकलंय. अजून तारीख मिळालेली नाही."

हे खिडकीबाहेर बघत होते. मला त्यांचा फक्त कान दिसत होता, आणि तो लाल झाला होता. हसून की दुखावून, हे मी अजूनही विचारलेलं नाही.

मग तुळसाबाईंनी त्यांचा फोन माझ्याकडे दिला. "आता माजं लावा. सगळं लावा. अर्धं नको."

मी लावलं. तुळसाबाईंनी सराव खरंच मन लावून केला होता. इतका गृहपाठ माझ्या वर्गात कुणी केलेला नाही.

"बाई बोलते का वर्ग घेते, समजत नाय. 'समजलं का' इचारते, नि मी सांगायच्या आत फुडं जाते."

"पोरगी चांगली आसल रे. बापावर गेली आसल. बापाला बोलायला मिळत नाय. जेवताना तेवढं तोंड उघडलान."

इथे ह्यांनी मागे वळून तुळसाबाईंकडे पाहिलं आणि इतक्या कृतज्ञतेने हसले, की मला उतरून चालत जावंसं वाटलं.

शेवटच्या निरोपात आवाज हळू होता. घरातली सगळी झोपल्यावर बोलतात तसा.

"एवढ्या उन्हात भाकऱ्या केल्या मी. बाईनं बोटानं मोडलीन नि ठेवलीन. आवडत नाय तर घेऊ नये. घेऊन टाकली. भरत, तुजी बायको पन असंच करंल का रे?"

बाकी सगळ्यावर मी उत्तर देऊ शकले असते. 'समजलं का' विचारणं हा माझा धंदा आहे. पण या एका वाक्यावर काही सुचेना. उकाडा होता, जेवण झालेलं होतं, सगळं खरं. पण ती भाकरी मी ज्या तऱ्हेने बाजूला सारली होती, ती तऱ्हा मलाच आठवली.

"तुळसाबाई," मी म्हटलं, "चुकलं माझं."

"हां," त्या म्हणाल्या. नंतर थोड्या वेळाने म्हणाल्या, "वैदेही खाते का भाकरी?"

"खाते. तिला येतेही करता. वेड्यावाकड्या होतात."

"शिकंल."

त्यांनी फोन टॉवेलात गुंडाळला आणि पिशवीत ठेवला. पेण यायच्या सुमारास त्या माझ्या खांद्यावर डोकं टाकून घोरत होत्या. मला हलता येईना.

क्वालालंपूरला उतरलो. सांगायला हरकत नाही, डेटा पुन्हा 'नव्या'वर टाकल्याबरोबर ई-सिम झकास चालू झालं, दोन्ही फोनांत. माझ्या फोनवर पहिला निरोप आला की वैदेहीने मला 'मलेशिया स्वारी'मधून काढून टाकलं आहे. तुळसाबाईंनाही काढलं होतं. न्यायी मुलगी.

तपासणीच्या टेबलावर तिथल्या माणसाने सुकटीची पिशवी उघडली, वास घेतला, आणि दोन बोटांत धरून बाजूच्या डब्यात टाकली. 'मी सांगितलं होतं' असं म्हणायची इतकी चोख संधी मला जन्मात मिळाली नव्हती. मी तुळसाबाईंचा हात धरला आणि पुढे चालायला लागले.

बाहेर दोघं उभी होती. वैदेहीचा चेहरा वर्गाबाहेर उभ्या केलेल्या मुलाच्या पालकासारखा. भरत मात्र ओठ आवळून उभा. त्याने आईच्या पाया पडून घेतलं, माझ्या पाया पडला, आणि मला राहवलं नाही.

"भरत, तुझी अट मला माहीत आहे," मी म्हटलं. "माझ्यामुळे तुम्ही दोघांनी काही मोडू नका. मी उद्या परत जाते."

"कशाला, काकू?" तो म्हणाला. "मला भीती होती ती तुम्ही दोघी आठवडाभर गोड बोलाल आणि लग्नानंतर सुरू कराल याची. तुमचं तर माणगावातच सगळं बोलून झालं. आता आठवडाभर करायचं काय, ते सांगा. कुठे फिरायचं?"

आणि मग तो हसायला लागला, आणि हसता हसता तिथेच सामानाच्या गाडीवर बसला. वैदेहीने मला मिठी मारली नाही, पण माझी बॅग घेतली. तिच्या बाबतीत हे पुष्कळ झालं.

साखरपुडा तिथेच झाला. लग्न कापड्याला, कापणीनंतर, शेतात मांडव घालून. हे मी मान्य केलं आहे, म्हणजे मला तसं कळवण्यात आलं आहे. तयारीसाठी आता नवा ग्रुप निघालाय. त्यात तुळसाबाई आहेत. महिपतरावांनी नवा फोन घेतला, ते आहेत. कापड्याचा मांडववाला आहे, पोलादपूरचा बँडवाला आहे. ग्रुप चालवायचं काम आमच्या ह्यांच्याकडे आहे. मलाही आत घ्यावं म्हणून मी त्यांना, एकाच घरात बसून, रीतसर विनंती पाठवली.

'विचार करू' असं उत्तर आलंय.